नवे सर मराठी होते

"तोंड उघडा," सर म्हणाले. "आणि श्वास सोडा. जोरात."

मराठीत म्हणाले. हळू आवाजात, जवळ येऊन, जणू माझ्या घरचं काही विचारतायत. समोर दुसऱ्या वर्षाची बावीस मुलंमुली उभी होती. पांढरे कोट, हातात वह्या. त्यांच्यात मराठी कुणालाच येत नव्हतं. ते सरांना माहीत होतं. म्हणूनच मराठी.

"सर?" मी म्हटलं.

"मुलांना काही कळणार नाही. तुम्ही फक्त श्वास सोडा."

मी बावन्न वर्षांचा माणूस. पंचवीस वर्षं त्या लॅबमध्ये. आणि मी तोंड उघडलं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून कुणाला मी मोठा शूर वाटेन. मी शूर नाही. मला सांगितलं, मी उघडलं. सरांनी मान पुढे केली. त्यांचं नाक माझ्या ओठांपासून वीतभर. मी श्वास सोडला. त्यांच्या चष्म्यावर माझी वाफ आली. ती त्यांनी रुमालाने पुसली.

मग म्हणाले, "ठीक आहे. बाहेर जाऊन बसा."

काय ठीक आहे ते सांगितलं नाही. मी प्यायलेलो होतो की नव्हतो, निकाल काय लागला, काही नाही. बाहेर जाऊन बसा. मी गेलो. दारापर्यंत चाललो तेव्हा सरळ चालायचा प्रयत्न करत होतो. झोकांडी जाऊ नये म्हणून. एक थेंबही न प्यालेला माणूस, पण मुलांसमोर सरळ चालून दाखवत होतो.

मी केमिकल इंजिनिअरिंग विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. विद्यापीठ बेंगळुरूतलं. नाव सांगत नाही. मुलं जे पुस्तकात शिकतात ते आमच्या लॅबमध्ये मोठ्या यंत्रांवर करून बघतात. सगळ्यात मोठा आमचा डिस्टिलेशन कॉलम. दोन मजले उंच, स्टीलचा, मधे मधे काचेच्या खिडक्या. खालून वाफ द्यायची, स्पिरिट आणि पाणी वेगळं करायचं. तो कॉलम मी लागताना पाहिला. त्याचा एकेक नट माझ्या हाताखालून गेलाय. प्रोफेसर आले, गेले. कॉलम आणि मी तिथेच.

आमचं घराणं मराठी, पण बेंगळुरूचं. आजोबांचे वडील साताऱ्याकडून छावणीत आले. लष्कराच्या घोड्यांची खोगिरं शिवायला. घोडे गेले, मग बूट. मग इथल्याच शिवाजीनगरात चपलांचं छोटं दुकान. माझे वडील त्या दुकानात बसायचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, गिऱ्हाइकाशी दक्खिनी उर्दू. माझं मराठी असंच आहे, पुण्याच्या माणसाला हसू येईल असं.

वडील प्यायचे. तेही सांगून टाकतो. प्यायचे आणि त्यातच गेले. म्हणून मी दारूला कधी शिवलो नाही. रोज स्पिरिटच्या ड्रमाशेजारी उभा राहून नाही शिवलो. घरात कधी कौतुक करून घेतलं नाही त्याचं. न पिणं ही काय सांगायची गोष्ट.

वडील शुद्धीत असताना एकदा म्हणाले होते, "हितं आपलं आडनाव कुणाला वाचता येत नाही. हे लक्षात ठेव. गावाकडं असतो तर तोंडातून आडनाव निघायच्या आत लोक दोन पावलं मागं सरकले असते. हितं विचारतात, मराठीयवरा, मराठी का? म्हणायचं हौदु, हो. म्हणतात, सरी, बरं. संपलं."

आणि तसंच होतं. माझ्या नोकरीच्या फायलीत जात लिहिलेली आहे. दाखला जोडलेला आहे. पण फायलीत असणं वेगळं आणि कॅन्टीनमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात असणं वेगळं. कन्नड माणसाला माझं आडनाव म्हणजे नुसता एक आवाज. एरवीही मला सगळे नावाने आणि पुढे अण्णा लावून हाक मारतात. कन्नड माणसं जात ओळखत नाहीत असं नाही. आपापल्या लोकांची बरोबर ओळखतात. माझी ओळखायला त्यांच्याकडे शब्द नव्हता, एवढंच.

मग नवे सर आले.

जुलैत आले. हेड मॅडमनी मला बोलावलं. मॅडम म्हैसूरच्या, शांत बाई. म्हणाल्या, अण्णा, हे आपले नवे प्रोफेसर, परदेशात शिकून आलेत, पुण्याचे आहेत. पुण्याचे म्हटल्यावर मी मराठीतून नमस्कार केला.

सर खुर्चीतून उठले. खरंच उठले. "अरे वा, तुम्ही मराठी? गेले आठ दिवस मी इथे मुक्यासारखा फिरतोय."

मला काय झालं ते सांगतो. छाती भरून आली. पंचवीस वर्षं मी त्या इमारतीत मराठी शब्द ऐकला नव्हता. ती माझी घरातली भाषा. चुलीजवळची. ती एकदम सूटबूट घालून ऑफिसात उभी राहिली आणि माझ्याशी बोलली. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला, सुमनला, दोनदा सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "लई गोड बोलतोय का?"

"चांगला माणूस आहे."

"असेल. नवा आहे अजून."

सुमन बेळगावची. तिला गोड बोलण्याचा संशय येतो. मला तेव्हा तिचा राग आला.

पहिले पंधरा दिवस मी सरांचा झालो होतो. हेब्बाळला त्यांना फ्लॅट बघून दिला. गॅसचं कनेक्शन, ऑटोवाल्याशी भांडण, बँकेत कन्नडमधून भरायचा फॉर्म, सगळं मी. त्यांची खोकी मी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. सुमन मला डबा द्यायची, त्यात सरांसाठी जास्तीचं. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी. सर त्यांच्या केबिनमध्ये बसून बोटं चाटून खायचे. "वहिनींना सांगा," म्हणायचे, "पुण्यात असं मिळत नाही."

वहिनी म्हणायचे. सुमनला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वांगी जास्त होती.

ऑगस्टमध्ये सरांना लॅबचं प्रमुख केलं. हजेरी आणि रजेचे अर्ज त्यांच्याकडे जायला लागले. मी एक दिवसाची रजा मागितली, मुलीच्या कॉलेजात काम होतं. अर्जावर पूर्ण नाव लिहिलं. इतके दिवस ते मला नावानेच ओळखत होते.

त्यांनी अर्ज वाचला. मग परत वाचला. दोन ओळींचा अर्ज.

"हे तुमचं आडनाव?"

"हो सर."

"अच्छा."

आणि सही केली. बस. शिवी नाही, तोंड वाकडं नाही. एक अच्छा. पण मला तो अच्छा ओळखीचा वाटला. मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता तरी ओळखीचा. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टींमधला.

"मूळ गाव कुठलं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"सातारा जिल्ह्यातलं. मी बघितलेलं नाही."

"आणि आजोबा काय करायचे?"

"खोगिरं शिवायचे. चामड्याचं काम."

"अच्छा," दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. सर म्हणाले, "ऐका ना, आजपासून डबा नको. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय."

मी म्हटलं बरं. परत आणला. सुमनने डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, "असेल."

आता इथे मला न्यायाने बोलायला हवं. डॉक्टरांनी खरंच सांगितलं असेल. माणसाला अ‍ॅसिडिटी होते. मी स्वतःला हेच सांगत होतो. चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये सर दोन प्रोफेसरांबरोबर मिरचीभजी खात होते. एक, दोन, तीन. मी खांबाआड उभा राहून मोजली. मला माझीच लाज वाटली. बावन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याची भजी मोजतोय.

संशय असा लागला मला. तापासारखा. सर माझ्याकडून फाईल घ्यायचे तर टेबलावर ठेवा म्हणायचे, हातात घ्यायचे नाहीत. आधी घ्यायचे का? मला आठवेना. केबिनचं दार आता बंद असायचं. सगळ्यांसाठी का माझ्यासाठी? मी दुसऱ्या सहायकाला विचारलं, तुझी फाईल हातात घेतात? तो म्हणाला, अण्णा, तुला झालंय काय?

एक गोष्ट मात्र संशय नव्हती. भाषा बदलली. चारचौघांत सर माझ्याशी इंग्रजीत किंवा हिंदीत बोलायचे. थँक यू, प्लीज. मराठी फक्त एकट्यात, आणि तेही टोचायला.

"पर्मनंट कसे झालात तुम्ही? कोट्यातून ना?"

"मुलगी काय करते? फार्मसी? तिलाही सीट तशीच मिळाली असेल."

"नाही, मी आपलं सहज विचारतोय. आपल्या भाषेत बोलायला मिळतं म्हणून."

मी उत्तर द्यायचो. हो सर. नाही सर. मेरिटमध्ये मिळाली सर. हे शेवटचं म्हटलं त्याची मला आजही चीड येते. मी कशाला त्यांना हिशेब दिला? कोट्यातून मिळाली असती तर चोरीची होती काय?

सप्टेंबरात त्यांनी स्पिरिटच्या खोलीची किल्ली माझ्याकडून घेतली. मॅडमना सांगितलं, सुरक्षेच्या दृष्टीने किल्ली प्रोफेसरकडे असलेली बरी. मॅडम म्हणाल्या, सरी. पंचवीस वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती. मला रोज सकाळी केबिनबाहेर उभं राहून ती मागावी लागायची.

आणि मग तो गुरुवार.

मुलांच्या बॅचला डिस्टिलेशनचा प्रयोग होता. मी नऊपासून कॉलम तापवत होतो. अकराला मुलं आली. मी समजावलं: खालचा वाफेचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा. एकदम उघडला तर वाफ इतक्या जोरात वर जाते की वरून येणारं पाणी-स्पिरिट खाली उतरूच शकत नाही. कॉलम तुंबतो. आम्ही म्हणतो, फ्लड झाला.

चैत्रा म्हणून एक मुलगी आहे त्या बॅचमध्ये. तुमकूरची, हुशार, जरा घाईची. मी वर जिन्यावर थर्मामीटर बघत होतो तेव्हा तिने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. कॉलम गुरगुरला. काचेच्या खिडक्यांत पाणी चढायला लागलं, एक खिडकी, दुसरी, तिसरी. मी जिन्यावरून उतरलो, धावलो, वाफ बंद केली. तोवर वरच्या नळीतून स्पिरिट उडालं. माझ्या बाहीवर, छातीवर, जमिनीवर. मुलांना मागे हटवलं. खिडक्या उघडल्या. विजेच्या बटणाला हात लावू नका, म्हणून ओरडलो. दोन मिनिटांत सगळं आटोक्यात. कुणाला ओरखडासुद्धा नाही.

सर आवाज ऐकून आले. नाक वर केलं. सगळ्या लॅबला स्पिरिटचा वास येत होता. जमिनीला येत होता. मुलांच्या कोटांना येत होता. केमिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर. परदेशातून शिकून आलेले. फ्लड झालेला कॉलम समोर उभा, काचेत पाणी अजून हिंदकळतंय. त्यांनी कॉलमकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आले.

"तोंड उघडा."

बाहेर लॅबच्या मागे एक बाक आहे, सिमेंटचा. तिथे बसलो. बाही ओली होती. स्पिरिट उडून जाताना हाताला गार लागतं, तसा तो हात गार पडला होता. मी स्वतःच्या तळहातावर श्वास सोडून वास घेतला. कॉफीचा आला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मला माझाच भरवसा राहिला नव्हता.

थोड्या वेळाने चैत्रा बाहेर आली. हातात पाण्याची बाटली. कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, व्हॉल्व्ह मी उघडला. मी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, म्हणाले नंतर बोलू."

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, "आत सर माझ्याशी काय बोलले, तुला कळलं?"

तिने बाटली परत घेतली, झाकण लावलं.

"मराठी होतं ते. तुला कसं कळणार," मी म्हटलं.

"अण्णा, सगळ्यांना कळलं," ती म्हणाली. "तुम्ही प्यायलात का ते बघितलं त्यांनी."

सगळ्यांना कळलं. एक माणूस तोंड उघडतो, दुसरा नाक पुढे करतो. त्याला भाषा लागत नाही.

घरी जाऊन मी अंघोळ केली. शर्ट बादलीत टाकला. सुमनने शर्ट उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तिने नुसतं विचारलं असतं तर मी कोसळलो असतो. ती म्हणाली, "कॉलममधनं उडालं वाटतं?"

तिला कळलं. बारावी शिकलेल्या बाईला कळलं.

मग मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती.  शेवटी एकच विचारलं. "तुम्ही उघडलंत?"

"हो."

ती उठली, शर्ट परत बादलीत टाकला, पाणी सोडलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो. ती कपडे धूत राहिली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मी का उघडलं? माझ्या मनात काय होतं त्या क्षणी? मी शोधत होतो आणि मला सापडलं. मला वाटलं होतं, उघडलं नाही तर त्यांचा संशय खरा ठरेल. म्हणजे त्यांचा संशय खोटा पाडणं हे माझं काम, असं मी मानून बसलो होतो. रजेच्या अर्जापासून मी तेच करत आलो होतो. स्वच्छ शर्ट, वेळेवर हजर, मेरिटमध्ये सर. तोंड तर मी ऑगस्टपासून उघडंच ठेवलं होतं.

हे कळल्यावर मला रडू आलं नाही. उलट डोकं थंड झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, "अण्णा, ते नवीन आहेत. प्रोबेशनवर आहेत. सुरक्षेच्या काळजीने केलं असेल. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. मी त्यांच्याशी बोलते."

त्या बोलल्या असाव्यात. कारण दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावलं. चहा मागवला. दोन कप. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा हो. काल जरा गैरसमज झाला."

मराठीत. पहिल्या आठवड्यातलं मराठी. तेच मऊ.

"कुणाचा गैरसमज, सर?"

"म्हणजे वास येत होता. मला वाटलं... तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मी कॉलम बघितला असता."

ते हसले. "हां, बरोबर आहे. हे बघा, आपण एका मातीतली माणसं. परक्या मुलखात आपणच एकमेकांना सांभाळायचं. ह्या कन्नड लोकांसमोर कशाला? घरातली गोष्ट घरात मिटवू."

मी चहाला हात लावला नाही. परका मुलूख. माझ्या तीन पिढ्या इथल्या मातीत गेल्या आणि हे जुलैत आलेले मला सांगतायत, परका मुलूख. त्या मुलखात पंचवीस वर्षं माझ्या तोंडाचा वास कुणी घेतला नव्हता. आणि घरातली गोष्ट म्हणे. ज्या घरात मला ते घेणार नाहीत त्या घरातली.

"लॅबमध्ये स्पिरिटचा वास सगळ्यांना येत होता," मी म्हटलं. "बॉयलर सांभाळणारा मेकॅनिकही होता तिथे. त्याला का नाही विचारलंत? तुमच्या स्वतःच्या पीएचडीच्या मुलाच्या कोटावर उडालं होतं. त्याला का नाही?"

"अहो, असं काय करता? मी जातबीत मानत नाही हो."

"मी जातीचं नाव काढलं नाही, सर."

 सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "तुम्ही उगाच त्याला ते वळण देऊ नका. तुमचंच नुकसान होईल. मी तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय."

मी उठलो. 

"सर, दोन गोष्टी. एक, काल तुम्ही जे केलंत ते चुकीचं होतं, असं लिहून द्या आणि त्याच बॅचसमोर वाचा. मी त्यांच्यासमोर उभा होतो. केबिनमध्ये नव्हतो."

"आणि दुसरी?"

"माझ्याशी मराठीत बोलू नका. इंग्रजीत बोला, नाहीतर कन्नड शिका. मराठी माझ्या घरची भाषा आहे. तिच्यात मला माझ्या आईने जेवायला वाढलंय."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी दिलं. विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे तीन पानांची तक्रार, कन्नडमध्ये, माझ्या हाताने. त्यात संशय एकही लिहिला नाही. डबा नाही, भजी नाही, फाईल नाही. मला काय वाटलं ते नाही. काय झालं ते. गुरुवार, वेळ, बॅच, शब्द जसेच्या तसे. मराठी शब्द कन्नड लिपीत लिहिले आणि खाली त्यांचा अर्थ. ते लिहिताना मला कळलं की तोंड उघडा, हे माझ्या भाषेतले दोन शब्द मी पहिल्यांदाच कागदावर लिहितोय.

खाली पूर्ण सही केली. आडनावासकट.

चैत्राला मी साक्षीला ये म्हटलं नाही. तिचे मार्क सरांच्या हातात. ती आठ दिवस मला चुकवत होती. मी समजून घेतलं. मग एका सकाळी तिने समितीला कागद दिला, व्हॉल्व्ह मी उघडला, अण्णांनी आम्हाला वाचवलं, सरांनी अण्णांचं तोंड हुंगलं. हुंगलं हाच शब्द लिहिला होता तिने, कन्नडमध्ये. बाकी एकवीस जणांना काही दिसलं नव्हतं.

समितीत पाच जण होते. चांगली माणसं. पाणी विचारलं. मग एकाने विचारलं, "त्यांनी जातीवाचक शब्द कोणता वापरला?"

"कोणताच नाही."

"मग हे जातीवरून झालं असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"तुम्हाला ह्या खोलीत कुणी तोंड उघडायला सांगेल का?" मी म्हटलं. "तुम्हाला, ह्यांना, त्यांना? सांगितलं तर उघडाल का? मला मात्र तसं सांगता येतं असं त्यांना कशावरून वाटलं, ते त्यांना विचारा."

ते त्यांनी लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. पेन हलताना मला दिसलं नाही.

निकाल महिन्याने आला. गैरसमजातून घडलेली अनुचित घटना. प्रोफेसरांना समज देण्यात येत आहे. तक्रारदाराला मानसिक स्वास्थ्यासाठी ग्रंथालयात बदली देण्याची शिफारस. खाली एक ओळ होती, तक्रारीचे निराकरण झाले असून तक्रारदार समाधानी आहे, आणि सहीसाठी रेघ.

वास त्यांनी घेतला, बदली माझी.

ऑफिसातल्या अक्का म्हणाल्या, "सही करा अण्णा. ग्रंथालयात एसी आहे. आरामाचं काम."

मी त्यांचं पेन घेतलं. समाधानी शब्दावर काट मारली. वर लिहिलं, असमाधानी. बदलीपुढे लिहिलं, बेडा. नको. आणि सही केली. अक्कांनी कागद वाचला. म्हणाल्या, असं चालत नाही. मी म्हटलं, वर पाठवा, चालतं का ते वरच्यांना ठरवू दे.

अजून वरून उत्तर आलेलं नाही. एका कार्यकर्त्या वकिलाने कागद बघितलेत. तो म्हणतो, कठीण आहे, साक्षीदार एकच. मी म्हटलं, कठीण आहे ते मला माहीत आहे, पुढे काय करायचं ते सांग. पुढच्या अर्जाचा मसुदा तयार आहे.

विभागात लोक माझ्याशी कमी बोलतात. मॅडम नमस्काराला मान हलवतात. काहींना वाटतं मी चांगल्या माणसाच्या मागे लागलोय. कधी कधी मलाही वाटतं, डॉक्टरांनी खरंच तिखट बंद केलं असेल. ते मला कधीच कळणार नाही. कळायची गरज उरली नाही. गुरुवारचं मला माहीत आहे, तेवढं पुरे.

सर पर्मनंट होतील. माझीही आठ वर्षं बाकी आहेत. रोज सकाळी आम्ही एकाच जिन्याने चढतो. आधी मी भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यायचो. आता जिन्याच्या मधून चालतो. ते थांबतात. माझ्या डोळ्यात न बघता थांबतात, पण थांबतात.

मी लॅब सोडणार नाही. अर्ज मागे घेणार नाही. इथून नाही झालं तर अनुसूचित जाती आयोगाकडे, तिथून नाही झालं तर कोर्टात. आणि उद्या ह्या विद्यापीठात दुसऱ्या कुणा सहायकाला, झाडूवाल्या बाईला, माळ्याला कुणी असं काही करायला सांगितलं, तर त्याने आधी माझ्याकडे यावं. अर्ज कसा लिहायचा ते मी शिकलोय. त्याला शिकवीन.